तलावाचा तळ दिसू लागला तेव्हा

आमच्या घरात भुताखेतांना बंदी होती. बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होते, त्यामुळे मला त्यातलं काही आठवत नाही. पण घरातले टाक आणि तसबिरी गाठोड्यात बांधून त्यांनी सायकलवरून कन्हान नदीपर्यंत कशा नेल्या, पुलावरून कशा सोडल्या, आणि परत येताना चाक पंक्चर झालं तेव्हा बघणाऱ्यांनी कशा माना हलवल्या, हे आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की ती सायकल मीच ढकलत आणली असं वाटतं. रिकाम्या झालेल्या देवळीत बाबांनी गजराचं घड्याळ ठेवलं. नजर लागणं, अंगात येणं, अमावास्या, उतारा, यांतला एकही शब्द इंदोऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत काढायची सोय नव्हती. शेजारच्या काकूंना एकदा बोरीखाली काहीतरी पांढरं दिसलं. बाबा त्यांना शांतपणे म्हणाले, "पुढच्या टायमाले दिसलं तं बाटलीत भरून आणजा. मी फॉर्मॅलिन टाकतो न् लेबल लावून देतो." काकू त्यानंतर महिनाभर आमच्याकडे साखर मागायला आल्या नाहीत.

बाबा एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात लॅब अटेंडंट होते. साप, बेडूक, माशांचे सांगाडे आणि बाटल्यांतली पांढरी पडलेली जनावरं यांच्यात त्यांची हयात गेली. फॉर्मॅलिनचा वास त्यांच्या बोटांतून कधी गेलाच नाही. हाताने खाल्लं की घासाला तो वास लागायचा, म्हणून ते चमच्याने जेवत. भाकरसुद्धा आई रश्श्यात कुस्करून देई आणि ते ती चमच्याने खात. मोहल्ल्यात त्यावरून 'साहेब' असं नाव पडलं होतं, आणि ते त्यांना मनातून आवडत असावं. संध्याकाळी रेल्वे यार्डात डबे एकमेकांवर आपटल्याचा आवाज येई, चुलीवर वांग्याचा रस्सा रटरटत असे, आणि बाबा पाटावर बसून आज कुणी कुठली बाटली फोडली त्याची साद्यंत हकिगत सांगत. आई मध्येच म्हणे, "जेवा नं आता. तो बेडूक काही जिवंत होऊन नाही राहिला."

विभागातले सगळे मायक्रोस्कोप बाबा रोज पुसत. त्यातून बघू नका असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. बघा असंही कुणी म्हटलं नव्हतं. त्यामुळे मी बी.एस्सी. झाले आणि देशकर मॅडमनी मला त्यांच्या संशोधनात मदतीला घेतलं, त्या दिवशी बाबांनी माझ्या वाट्याचा मायक्रोस्कोप दोनदा पुसला आणि मी पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा दाराशी उभे राहिले. पुढे आयुष्यात मला पुष्कळ मान मिळाला, बऱ्याच शाली अंगावर पडल्या. त्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मला नंतर कुठे दिसलं नाही.

देशकर मॅडम नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतल्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या, सुती पातळाखाली पुरुषी बूट घालणाऱ्या. त्यांनी एक जुना तलाव धरला होता: कन्हान ओलांडून रामटेकच्या रस्त्याला लागलं की उजवीकडे दोन मैल आत, आंबेटोला नावाच्या गावचा, मालगुजारांच्या वेळचा. मातीची पाळ, पाळीवर मोहाची आणि अर्जुनाची झाडं, खाली धानाची शेतं. त्या पाण्यात काय काय राहतं आणि वर्षभरात ते कसं कमीजास्त होतं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. दर पंधरवड्याला त्याच जागी जायचं, तेवढ्याच बादल्या पाणी रेशमी कापडाच्या बारीक जाळीतून गाळायचं, जाळीत उरलेलं बाटलीत घ्यायचं, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकायची, पाण्यात रंगाची पट्टी बुडवून आंबटपणा बघायचा, आणि विभागात परतून मायक्रोस्कोपखाली एकेक जीव मोजून रजिस्टरात मांडायचा. विभागातले इतर प्राध्यापक हसत. मॅडम म्हणत, "एकदा मोजलं तर ती गंमत. तेच दहा वर्षं मोजत राहिलं तर कुठे काहीतरी कळतं." हल्ली माझ्या नातवाच्या वयाची मुलं पाण्याची एक बाटली यंत्रात घालतात आणि त्या पाण्यातून कोण कोण पोहून गेलं ते सांगतात. मला त्यांचा हेवा वाटत नाही असं म्हणणार नाही. पण बादली त्यांनाही स्वतःच बुडवावी लागते.

पहिलं वर्ष मजेत गेलं. तलावावर दुधराम नावाचे मासे धरणारे ढिवर होते, पन्नाशीचे, उन्हाने रापलेले. त्यांच्याच डोंग्यातून आम्ही फिरायचो. एकाच लाकडातून कोरलेला तो डोंगा इतका अरुंद होता की मॅडम शिंकल्या तरी तो कलंडायला बघे. पाणी हिरवं, दाट, हात घातला तर मनगट दिसायचं नाही. कमळाच्या पानांवरून पाखरं पळायची, बेडूक आमच्या पुढे उड्या टाकायचे, मरळ हवा घ्यायला वर येऊन 'गप्प' असा आवाज करायचा, आणि चतुर तर डोक्यावर बसायचे. त्या पाण्याचा एक थेंब काचेवर घेतला की आत नागपूरचा इतवारी बाजार. पाण्यातल्या पिसवा, ज्यांच्या पाठीत धडधडणारं हृदय आरपार दिसतं. तोंडाशी चाकं फिरवणारे बारके जीव. चतुराच्या राकट अळ्या. दुपारी दुधरामकाकांची बायको भागरता झिंग्यांची चटणी आणि उकडलेले शिंगाडे द्यायची. मॅडम सोवळ्या घरातल्या; पण पाळीवर बसून झिंग्यांची चटणी बोटांनी चाटून खायच्या आणि म्हणायच्या, "शोभा, हे महालात बोलायचं नाही."

तलावाच्या मधोमध एक जागा होती, तिला डोह म्हणत. काका तिथे जाळं टाकत नसत. डोंगाही वळसा घालून नेत. "तिथी साती बहिणी राह्यते," ते म्हणाले होते. "दुष्काळात तलाव आटला होता तवा माह्या आज्यानं पाह्यल्या. सात दगड. मंग पाणी भरलं, पुन्हा कोणालेच नाई दिसल्या." मी मान डोलावली आणि हे रजिस्टरात लिहिलं नाही. रजिस्टरात त्याला रकाना नव्हता, आणि घरी सांगितलं असतं तर बाबांनी सात बाटल्या काढून दिल्या असत्या.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मॅडम विभागाच्या जिन्यावरून पडल्या आणि पाय प्लास्टरमध्ये घालून घरी बसल्या. मी एकटी जाऊ लागले. तेवढ्यातच पलीकडच्या टेकाडामागे कोळशाची नवी खाण सुरू झाली होती. खाणीत साचणारं पाणी पंपाने उपसून नाल्यात सोडत, आणि नाला आमच्या तलावाला मिळे. पंपाचा आवाज पाळीवर ऐकू येई. मी तो ऐकत होते, एवढंच. त्याचा अर्थ काय, हे कळायला अक्कल लागते, आणि माझ्या अंगात तेव्हा पदवी होती.

पहिल्या खेपेला पाणी थोडं निवळलेलं दिसलं. हिवाळ्यात निवळतं, मी तसं लिहिलं. त्यानंतरच्या खेपेला पाळ चढून गेले आणि थांबले. काय चुकतंय ते आधी कळेना. मग लक्षात आलं की मला माझ्या चपलांचा आवाज येतोय. बेडूक नाहीत, पाखरं नाहीत, मरळाचं 'गप्प' नाही. लांबून फक्त पंपाची धडधड. आणि पाळीवर माणसं होती, पंचवीस-तीस तरी, आजूबाजूच्या गावांतली, हातात नारळ आणि हळद-कुंकू घेतलेली. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. एक बाई लेकराला वर उचलून पाण्याकडे बोट दाखवत होती. भागरता माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "दर्शन देऊन राहिल्या वं, बाई. साती जणी."

काकांनी डोंगा आत घातला. बांबू पाण्यात टेकवला की त्याचं टोक तळाच्या मातीत रुतलेलं दिसायचं, आणि तिथून उडालेला धुरळा जागच्या जागी लोंबकळत राहायचा. कमळाचे देठ तळापासून वर ताठ उभे होते आणि वर पानं नव्हती. पाळीच्या एका कोपऱ्यात, जिथे जमिनीतून गोड्या पाण्याचा झरा येई, मासे दाटले होते. शेकडो, एकमेकांना चिकटून, सगळ्यांची तोंडं झऱ्याकडे. आठ दिवस झाले, त्यांना हाताने उचलता येत होतं. "जाळ्याची गरजच नाई राहिली," काका म्हणाले, पण आनंदाने नाही. डोहावर ते आज वळसा घालणार असं मला वाटलं. त्यांनी डोंगा सरळ नेला आणि हात जोडले. मी वाकले.

दोन पुरुष खोल पाण्याखाली सात दगड होते. पाच उभे, दोन कलंडलेले. त्यांचा शेंदूर तसाच होता. आणि त्यांच्यावर माझी सावली पडली होती; माझं डोकं, माझी वेणी. त्या तलावात मी कितीदा वाकले होते, पण माझी सावली तळापर्यंत गेलेली मी कधी पाहिली नव्हती. तिच्यात आणि माझ्यात एवढं पाणी होतं आणि त्या पाण्यात एकही गोष्ट हलत नव्हती. पिसू नाही, अळी नाही, कचऱ्याचा कण नाही. मला वाटलं, ते दगड बघण्याची वस्तू नाहीत, आम्ही आहोत. बादली माझ्या मांडीवर होती. ती बुडवायला मी हात पुढे केला आणि हात गेलाच नाही. अंगात थंडी भरली. स्वच्छ ऊन होतं, सकाळचे दहा वाजले असतील.

"काका, परत चला," मी म्हटलं.

"पाणी नाई घेत आज?"

"नाही."

त्यांनी डोंगा वळवला, आणि पाळीवर कुणीतरी फोडलेल्या नारळाचा आवाज इतका जवळून आला की मी दचकले. बाटल्या पिशवीत कोरड्या खडखडत घरी आल्या.

घरी आई पाटोडीचा रस्सा करत होती. बाबांनी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणते तलाव?" आता बघा, मी काय सांगायला हवं होतं? पाण्यात काही जिवंत नाही, आणि मला त्या पाण्याची भीती वाटली. बस, दोन वाक्यं. पण ज्या घरात देवळीत घड्याळ होतं, ज्या बापाने देव पुलावरून सोडून पंक्चर सायकल ढकलत आणली होती, त्याची पदवीधर मुलगी सात दगडांना घाबरून संशोधन टाकून पळाली, हे माझ्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, "चांगला आहे. पिसवा भरपूर." बाबा खूश झाले आणि चमच्याने रस्सा ओरपू लागले.

रजिस्टर कोरं कसं ठेवणार? मी मागच्या हिवाळ्याचं पान काढलं आणि त्यावरून बेताने आकडे उतरवले. थोडे कमी, थोडे जास्त. शेवटी शून्य येणार नाही असे. रंगाच्या पट्टीपुढे नेहमीचंच लिहिलं. पुढच्या पंधरवड्याला मी बसने निघाले खरी, पण कन्हानच्या पुलाशी उतरले, नदीच्या काठी शेंगा खात बसले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. तिसऱ्या खोट्या पानावर तर मी मायक्रोस्कोपसुद्धा न उघडता एक दुर्मीळ चाकवाला जीव टाकला, मॅडमना पायाच्या दुखण्यात तेवढाच विरंगुळा म्हणून. त्यांनी तो वाचून मला संत्र्याची बर्फी दिली. ती मी खाल्ली. त्या बर्फीची आजही मला इतकी लाज वाटते की ती कुणी पुढे केली तर मी मधुमेहाचं कारण सांगते. मला मधुमेह नाही.

संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी भागरता विभागात आली. पायात काही नाही, आंबेटोल्याहून सडकेपर्यंत चालत आणि तिथून ट्रकने. बाबांनी तिला स्टुलावर बसवून पाणी दिलं. ते तिने हातात धरून ठेवलं, प्यायली नाही. "साऱ्या मासोया उलट्या झाल्या जी," ती म्हणाली. "पांढरा तलाव दिसून राहिला. न् आमच्या बुढ्याले ठाण्यात नेलं. म्हणते तुम्हीच औषध टाकलं, फवारणीचं. मासोया हातानं उचलता याव्या म्हणून टाकलं म्हणते."

त्याच संध्याकाळी देशकर मॅडम आमच्याकडे आल्या. पहिल्यांदाच. काठी टेकत, रिक्षातून, काखेत रजिस्टर. आईने घरातला चांगला कप शोधला आणि त्याचा कान तुटलेला निघाला. मॅडम खाटेवर बसल्या आणि सगळं सांगितलं. दोन दिवसांनी गावच्या शाळेत चौकशी होती. खाणवाल्यांनी कॉलेजकडून आमच्या नोंदींची नक्कल मागून घेतली होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आमचा पंप दिवाळीपासून चालू आहे, तुमच्याच नोंदी सांगतात की त्यानंतर दोन महिने तलावात जीवजंतू नेहमीसारखे होते, तेव्हा पाणी आमचं दोषी नाही. एका दिवसात सगळं मेलं म्हणजे कुणीतरी विष घातलं. तलावाचा मासेमारीचा हक्क ढिवरांकडून काढून घ्यायचा आणि दुधरामवर खटला भरायचा.

"आणि मला वाईट वाटतं," मॅडम चहा न पिता म्हणाल्या, "पण आकडे तेच सांगताहेत. तो माणूस असं करेल असं मला वाटलं नव्हतं."

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होते. तोंड उघडलं असतं तर त्याच क्षणी सगळं मिटलं असतं. मी उघडलं नाही. मॅडम गेल्या. आई भांडी घासायला मागे गेली. बाबा खाटेवर बसून राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तीन खेपा बाटल्या कोरड्याच होत्या. चिठ्ठ्या आत तशाच, कोऱ्या. मी तरी बी धुतल्या."

मी उंबऱ्यावरच खाली बसले.

"मले वाटलं, सिनेमाले जाऊन राहिली. सीताबर्डीले. कोणी असंन संगं. मंग म्हटलं, वय आहे, सांगन कधी ना कधी." त्यांनी आता वर पाहिलं. "कुठं गेल्ती वं?"

मी सांगितलं. दगड, सावली, थंडी, पूल, शेंगा, सगळं. सांगताना मी एवढी रडले की अर्ध्या गोष्टी त्यांना दोनदा विचाराव्या लागल्या. बाबांनी भूतही काढलं नाही, बाटलीही काढली नाही. मग म्हणाले, "सिनेमाले गेली असती तं बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं महालात गेलो. बाबा मॅडमच्या घरात कधी दिवाणखान्याच्या आत गेले नव्हते, त्या दिवशी सरळ आत जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "माह्या पोरीले काही सांगायचं आहे, आणि मले बी. बाटल्या मी धुतल्या, मी बी चूप राहिलो." मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या ओरडतील अशी मला आशा होती. त्या ओरडल्या नाहीत, ते फार वाईट होतं. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे टाकलं. मी पहिलं खोटं पान फाडायला हात घातला तर माझ्या हातावर काठी बसली.

"फाडायचं नाही. खोडायचंही नाही. प्रत्येक खोट्या तारखेसमोर त्या दिवशी काय झालं ते लिही. जे झालं तेवढंच."

मी लिहिलं. 'पाणी तळापर्यंत स्वच्छ. पाखरू नाही, बेडूक नाही. मासे झऱ्यापाशी दाटलेले, हाताने उचलता येतात. मला भीती वाटली. नमुना घेतला नाही. खालचे आकडे मनाने लिहिले आहेत.' पुढच्या दोन तारखांना: 'गेले नाही. भीती वाटली. आकडे मनाचे.'

चौकशी शाळेच्या व्हरांड्यात झाली. गाव जमलं होतं, दुधरामकाका खांबाला टेकून बसले होते, चेहरा सुजलेला. मॅडमनी माझ्या नोंदी मला उभं करून वाचायला लावल्या, माझ्या वडिलांसमोर. 'भीती वाटली' या शब्दांवर खाणीचे साहेब मोठ्याने हसले आणि विचारलं, "मॅडम, याला काय निरीक्षण म्हणायचं?" मॅडम म्हणाल्या, "हो. तीन पानांत एवढंच खरं आहे. जिवंत तलावाचा तळ दिसत नसतो, साहेब. तो दिसला आणि ही घाबरली, म्हणजे तलाव तेव्हाच मेला होता. मासे तेवढे मरायचे राहिले होते. विषाने असा महिना दीड महिना लागत नाही." मग त्यांनी रंगाच्या दोन पट्ट्या मागवलेल्या पाण्यात बुडवल्या, एक झऱ्याच्या आणि एक नाल्याच्या, आणि ओल्या पट्ट्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. नाल्याची आंबट पाण्याने लाल झाली.

काकांवरचा आळ गेला. मासेमारीचा हक्क राहिला, निदान कागदावर. खाणीच्या पाण्याला वेगळा चर खणायचा हुकूम झाला आणि तो खणायला पुढे बरीच वर्षं लागली. मला मॅडमनी वर्षभरासाठी मायक्रोस्कोपवरून उठवलं. त्या वर्षी मी बाबांच्या शेजारी मोरीपाशी उभी राहून विभागातल्या बाटल्या धुतल्या, आणि त्यांनी मला आतून कशी धुवायची, उन्हात कशी पालथी घालायची ते शिकवलं. आम्ही फार बोलत नसू. कधी कधी ते उगाच विचारत, "थकली काय?"

पण मला लिहायचंय ते त्या दुपारचं. व्हरांडा रिकामा झाल्यावर मी एकटी पाळीवर गेले, कारण काकांसमोर जायची हिंमत नव्हती आणि न जाता परत जाण्याचीही नव्हती. ते पाळीवर बसलेले होते. खाली काठाला मेलेल्या माशांची पांढरी किनार वाळत होती, त्यांच्यावर कावळासुद्धा बसत नव्हता. आणि मधलं पाणी तसंच, आरपार. मी त्यांच्या पायांशी बसले. म्हटलं, "काका, मी लिहिलं असतं तर तुम्हाला ठाण्यात जावं लागलं नसतं. मारलं का तुम्हाला?"

ते पाण्याकडेच बघत होते.

"तुले भेव वाटलं होतं तं मले काहून नाई सांगितलं वं तवा? डोंग्यात आपण दोघंच होतो."

"तुम्ही हात जोडले होते," मी म्हटलं. "तुम्हाला तर दर्शन झालं होतं."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली. एक डोळा सुजून मिटला होता.

"दर्शन कायचं, पोरी. जलम गेला या पाण्यावर, असं पाणी कधी पाह्यलं नाई. मले बी भेव वाटे. भागरतेले वाटे. साऱ्या गावाले वाटे. म्हणून तं नारळ फोडून राहिलो होतो."